परदेशी विद्याभ्यास आणि वाटखर्चाचा हिशेब

विद्येसाठी देशांतर करण्याची परंपरा मराठी मुलखास नवी नाही. थोरामोठ्यांच्या चरित्रांत आपण त्यांच्या पदव्या वाचतो, ग्रंथ वाचतो, सत्कार वाचतो. परंतु परदेशी जाण्याचे भाडे त्यांनी कसे उभे केले, ही बाजू आपल्या नजरेतून बहुधा निसटते. वास्तविक सामान्य घरातील मुलापुढे पहिला डोंगर उभा राहतो तो वाटखर्चाचाच.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठरा वर्षांची ही मुलगी ५८ दिवस प्रवासात होती, आणि त्या प्रवासासाठी अंगावरचे दागिने विकावे लागले होते. आमच्या कोकणी मुलखातील, गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा खडतर प्रवास करून ते पुढे बौद्ध धर्माच्या अध्ययनासाठी सिंहलद्वीपास गेले. त्या वाटेवर त्यांच्या गाठीस पैसा जवळजवळ नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर हिशेबाच्या दृष्टीने फार बोलके आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांस परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले. त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयाच्या पगारातून साठवलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज अशा तीन वाटांनी पैसा जमला होता.

आज आगबोटीची जागा विमानाने घेतली आहे व अठ्ठावन्न दिवसांचे अंतर एका दिवसावर आले आहे. तथापि निंबर्ग्यासारख्या गावातील शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरी प्रश्न तोच उभा राहतो. मुलगी किंवा मुलगा परदेशी शिकायला निघाला, प्रवेश मिळाला, आता तिकीट स्वस्तात कसे घ्यावे? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा क्रमाने विचार करणार आहोत. आमच्या विद्यार्थ्यांनी हा धडा आपल्या आईवडिलांस वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

१. विमानाचे भाडे ठरते कसे?

आळंदहून कलबुर्गीला जाणाऱ्या साध्या बसमध्ये सर्वांस एकच तिकीट पडते. पुढच्या बाकावर बसा की मागच्या, आठ दिवस आधी ठरवा की बस सुटताना चढा, भाड्यात फरक नाही. विमानाचे तसे नाही. एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे भाडे भरलेले असते, आणि ते कायदेशीर असते.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्यांची जागतिक संघटना परिषदा भरवून ठरवीत असे व सरकारे त्यांस मान्यता देत. कोठेही विचारले तरी भाव जवळजवळ तोच. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवले आणि हळूहळू जगभर चढाओढ सुरू झाली. आपल्याकडे १९५३ चा हवाई महामंडळांचा कायदा १९९४ साली रद्द झाला व खाजगी कंपन्यांस वाट मोकळी झाली. तेव्हापासून शोधाशोध करणाऱ्यास फळ मिळू लागले.

आता यामागील युक्ती समजून घेऊ. विमान एकदा उडाले की रिकामी राहिलेली जागा कायमची वाया जाते. ती तुरीसारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. म्हणून कंपनी जागांचे अनेक भाव पाडते व प्रत्येक भावास एक इंग्रजी अक्षर देते. काही थोड्या जागा अगदी कमी भावाच्या, काही मध्यम, काही चढ्या. स्वस्त वर्गातील जागा संपल्या की पुढचा वर्ग उघडतो. मागणी थंड दिसली तर स्वस्त वर्ग पुन्हा उघडला जातो. कलबुर्गीच्या बाजारात तुरीचा भाव आवकेप्रमाणे सकाळी एक व दुपारी दुसरा असतो. हेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे अडत्याची जागा संगणकाने घेतली आहे.

यावरून एक उपयुक्त गोष्ट निघते. चार जणांची तिकिटे एकदम शोधली आणि स्वस्त वर्गात तीनच जागा उरल्या असल्या, तर संगणक बहुधा चौघांसही पुढच्या वर्गाचा भाव दाखवतो. म्हणून मित्रमैत्रिणी बरोबर निघत असल्या तरी आधी एकट्याचे भाडे पाहावे, मग सर्वांचे पाहावे.

तिकिटाच्या रकमेचे भागही ओळखता आले पाहिजेत. मूळ भाडे, इंधनाचा अधिभार, विमानतळाचे शुल्क आणि कर असे ते भाग होत. जाहिरातीत पुष्कळदा नुसते मूळ भाडे मोठ्या अक्षरांत छापतात. शेवटच्या पानावर येते ती बेरीज खरी.

२. केव्हा निघावे, केव्हा तिकीट घ्यावे?

भाडे चढते ते गर्दीने, आणि विद्यार्थ्यांची गर्दी ठरलेल्या वेळी होते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडतात, इंग्लंडातील सप्टेंबरअखेर. जर्मनीत हिवाळी सत्र साधारणतः १ ऑक्टोबरपासून धरले जाते व व्याख्याने बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात. त्यामुळे भारतातून पश्चिमेकडे जाणारी विमाने जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत भरलेली असतात. दुसरी गर्दी नाताळाची, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची. सुटीत घरी येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस ही गर्दी भोवते.

गर्दीच्या शिखरापासून आठ-दहा दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकता आले तर भाडे पुष्कळदा उतरते. आठवड्याच्या मध्यावरचे दिवसही शनिवार-रविवारपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. परंतु येथे सावधगिरी हवी. दहा दिवस आधी गेल्यास तिकडे दहा दिवसांचे घरभाडे व जेवण लागते. शिवाय नियम आड येतात. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यास अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी प्रवेश मिळत नाही. म्हणून वाचलेले भाडे एका बाजूस व वाढलेला खर्च दुसऱ्या बाजूस मांडून मगच तारीख ठरवावी.

कंपन्या साधारणतः अकरा महिने आधीपासून जागा विकू लागतात. तेवढ्या लवकर घेतलेले तिकीट सर्वांत स्वस्त असतेच असे नाही. दोन-चार महिने आधीपासून भाव पाहत राहावे, वहीत तारीखवार टिपून ठेवावे. दोन आठवडे टिपण केले की सामान्य भाव कोणता व खरोखर उतरलेला कोणता, हे आपोआप ध्यानी येते. आंतरजालावर गुगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर यांसारखी शोधसाधने आहेत. त्यांत महिन्याचे पंचांग मांडल्यासारखे रोजचे भाडे दिसते, आणि भाव बदलला की आपणांस सूचना येईल अशी सोय करता येते. ही साधने भाव शोधण्यासाठी उत्तम. तिकीट मात्र शक्यतो विमान कंपनीकडून थेट घ्यावे, म्हणजे पुढे बदल करायचा झाल्यास कंपनी व दलाल यांच्यामध्ये हेलपाटे घालावे लागत नाहीत.

सर्वांत अवघड पेच व्हिसाचा आहे. तिकीट लवकर घ्यावे तर व्हिसा हाती नसतो. व्हिसा येईपर्यंत थांबावे तर भाव चढतो. व्हिसा मिळण्यापूर्वी परत न मिळणाऱ्या पैशांचे तिकीट घेणे म्हणजे पेरणीपूर्वीच पीक विकणे होय. अनेक दूतावास स्वतःच सांगतात की व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकीट पक्के करू नका. अशा वेळी तारीख बदलता येणारे तिकीट थोडे महाग पडले तरी तेच पाहावे. तारीख बदलण्याचे शुल्क किती, रद्द केल्यास किती कापले जाते, हे दोन आकडे भाड्याशेजारीच लिहून ठेवावेत. भारतीय विमान कंपन्यांच्या बाबतीत आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे की, मूळ भाडे परत मिळणार नसले तरी सरकारी कर व विमानतळाची शुल्के प्रवाशास परत केलीच पाहिजेत. ती मागून घ्यावीत.

एकेरी तिकीट घ्यावे की येण्याजाण्याचे, हाही प्रश्न येतो. मोठ्या कंपन्यांचे येण्याजाण्याचे तिकीट एकेरीच्या दुप्पट नसते. कधी कधी ते दीडपटीहूनही कमी पडते. अशा तिकिटाची मुदत बहुधा एक वर्षाची असते. वर्षाच्या आत घरी यायचे नक्की असेल तर ते घ्यावे. नक्की नसेल तर परतीचा अर्धा भाग वाया जाण्याचा संभव असतो, आणि वाया गेलेला स्वस्त माल स्वस्त म्हणता येत नाही.

३. कोठून उडावे?

निंबर्ग्याच्या विद्यार्थ्यास परदेशी जायला हैदराबाद, मुंबई व बंगळूर हे तीन मोठे विमानतळ विचारात घ्यावे लागतात. कलबुर्गीहून हैदराबाद रस्त्याने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. मुंबई रेल्वेने सुमारे साडेपाचशे, कारण कलबुर्गी हे मुंबई-चेन्नई लोहमार्गावरचे स्थानक आहे. बंगळूर त्याहूनही दूर, सहाशे किलोमीटरच्या घरात. हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून या सीमाभागास मोठी सोय झाली आहे.

मुंबईहून विमाने अधिक, चढाओढ अधिक, म्हणून भाडे पुष्कळदा कमी दिसते. परंतु तेथवर पोहोचण्याचा खर्च कोण मोजतो? आपल्याकडे परदेशी जाणाऱ्यास एकट्याने पाठवण्याची रीत नाही. आई, वडील, मामा, चुलता असे चारजण तरी निरोपास जातात, एक रात्र मुक्काम होतो, जेवणखाण होते. हा खर्च तिकिटाच्या वहीत कधी चढत नाही, पण तो त्याच घराच्या खिशातून जातो.

एक उदाहरण करून पाहू. पुढील सर्व आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून आम्ही कल्पिले आहेत. समजा एका विद्यार्थिनीस जर्मनीत फ्रँकफुर्टला जायचे आहे आणि तिच्यापुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मुंबईहून. भाडे ३६,५०० रुपये. दुसऱ्या पेटीचे वेगळे ६,००० रुपये. तिघांचा रेल्वे व मुक्कामाचा खर्च ५,५०० रुपये. एकूण ४८,००० रुपये.

दुसरा मार्ग हैदराबादहून. भाडे ४१,००० रुपये. दोन्ही पेट्या भाड्यातच समाविष्ट. घरातून मोटार करून जाण्याचा खर्च ४,५०० रुपये. एकूण ४५,५०० रुपये.

तिसरा मार्ग पुन्हा मुंबईहून, पण दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे जोडून. भाडे दोन्ही मिळून ३१,००० रुपये. पेटीचे शुल्क दोन वेळा, मिळून ९,००० रुपये. मधल्या शहरात एका रात्रीचा मुक्काम ६,००० रुपये. मुंबईपर्यंतचा खर्च ५,५०० रुपये. एकूण ५१,५०० रुपये.

पहिल्या नजरेस जो मार्ग सर्वांत स्वस्त दिसला, तोच शेवटी सर्वांत महाग ठरला, आणि जो सर्वांत महाग दिसला तो सर्वांत स्वस्त निघाला. प्रत्यक्षात आकडे वेगळे येतील, क्रमही बदलेल. पण बेरीज घराच्या उंबरठ्यापासून परदेशातील खोलीच्या दारापर्यंत करावी, हा नियम बदलणार नाही.

४. एक तिकीट की दोन तिकिटे?

थेट जाणाऱ्या विमानापेक्षा मध्ये दुबई, अबुधाबी, दोहा किंवा इस्तंबूल येथे बदलावे लागणारे विमान बहुधा स्वस्त असते. कारण सरळ आहे. या कंपन्या अनेक गावांचे प्रवासी एका ठिकाणी आणतात व तेथून त्यांस पुन्हा अनेक दिशांना वाटून देतात. वाडीच्या जंक्शनवर निरनिराळ्या दिशांच्या गाड्यांचे उतारू एकत्र येतात, त्याचेच हे आकाशातील रूप. थेट जाण्याची सोय ज्यास हवी, त्याच्याकडून त्या सोयीचे मोल घेतले जाते.

मध्ये उतरण्यास हरकत नाही. मात्र संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. एका तिकिटावर पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. पेटीही बहुधा शेवटच्या गावापर्यंत आपोआप जाते. दोन वेगळी तिकिटे घेतली तर पहिल्या कंपनीचा उशीर ही दुसरीच्या दृष्टीने आपली चूक ठरते आणि दुसरे तिकीट बुडते. पेटी मध्ये उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी त्या देशात पाऊल टाकावे लागते आणि त्याकरिता त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. काही देश तर केवळ विमान बदलण्यासही व्हिसा मागतात. अमेरिकेत विमान बदलून कॅनडास जायचे असले तरी भारतीय पासपोर्ट असलेल्यास सामान्यतः अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी मधल्या देशाच्या दूतावासाचा नियम वाचलाच पाहिजे.

आकाशातील वाटाही नेहमी मोकळ्या नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांस बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांस लांबचा वळसा घ्यावा लागला. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तास आपली हद्द बंद केली आणि दोह्यास विमान बदलणारे हजारो प्रवासी वाटेत अडकले. अशा प्रसंगी एकाच तिकिटावरच्या विद्यार्थ्याची व्यवस्था लावण्यास कंपनी बांधलेली असते. जोडतिकिटे घेतलेल्यास परक्या शहरात नवे तिकीट त्या दिवसाच्या भावाने विकत घ्यावे लागते. प्रथमच घराबाहेर पडलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींवर हा प्रसंग आणू नये.

आणखी एका युक्तीविषयी सावध करणे आम्हांस आवश्यक वाटते. कधी कधी पुढच्या गावाचे तिकीट मधल्या गावापेक्षा स्वस्त असते. म्हणून काही जण पुढचे तिकीट घेऊन मध्येच उतरतात. पण पेटी पुढच्या गावी निघून जाते, आणि प्रवासाचा एक टप्पा चुकवला की कंपनी परतीचे तिकीटही रद्द करते. विद्यार्थ्याने या वाटेस जाऊ नये.

५. सामान आणि त्याचे वजन

आमच्या कोकणी मुलखात बोटीवर चाकरी करणाऱ्यास तारवटी म्हणतात. तारवट्याच्या घरी पेटी भरणे हे एक शास्त्रच असते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरीही ते शास्त्र आले पाहिजे, कारण विमानात वजन म्हणजे रोख पैसा.

काही मार्गांवर सामान किलोंत मोजतात, तर अमेरिकेच्या मार्गावर नगांत, आणि प्रत्येक नग बहुधा २३ किलोंपर्यंतचा. स्वस्त भाड्यात कधी एकच पेटी असते, कधी एकही नसते. काही कंपन्या विद्यार्थ्यांस ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र पाहून जादा वजन अथवा एक जादा पेटी देतात, भाड्यातही थोडी सूट देतात. ती मागावी. जादा वजनाचे पैसे आधी भरले तर कमी लागतात आणि विमानतळावर काट्यापुढे भरले तर फार लागतात. म्हणून निघण्यापूर्वी घरीच वजन करावे. किराणा दुकानदाराचा काटा यास चालतो.

आपला भाग तुरीचे कोठार. प्रत्येक आईस वाटते, लेकराबरोबर पाच किलो डाळ द्यावी, शेंगाचटणी द्यावी, कडक भाकरीची चळत द्यावी. प्रेम योग्यच आहे, पण त्रैराशिक मांडून पाहावे. जादा वजनाचा दर किलोस किती? तीच डाळ तिकडच्या भारतीय दुकानात किती रुपयांस पडते? पहिला आकडा मोठा असेल तर डाळ घरीच ठेवावी. चटणी व भाकरी हलकी असते आणि तिकडे मिळत नाही, ती खुशाल द्यावी. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांसाचे व दुधाचे पदार्थ नेण्यास सामान्य प्रवाशांस मनाई आहे. म्हणून तुपाची बरणी व पेढ्यांचा डबा जर्मनीस जाणाऱ्याच्या पेटीत घालू नये.

आंबेडकर १९१७ साली परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते व ती बोट युद्धात पाणतिराने बुडाली. त्या सामानाची भरपाई त्यांस मिळाली आणि ते पैसे बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी जाताना त्यांच्या उपयोगी पडले. सामानाचा दस्तऐवज जपून ठेवण्याचे मोल यावरून कळावे. आज १९९९ च्या माँट्रियल करारानुसार पेटी हरवली, फुटली किंवा उशिरा आली तर कंपनी ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देण्यास बांधलेली आहे. भारतही २००९ पासून या करारात आहे. मात्र पेटी फुटल्यास मिळाल्यापासून ७ दिवसांत व उशिरा आल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पेटीची चिठ्ठी फेकू नये. प्रवेशपत्रे, गुणपत्रिका, औषधे व पैसे पेटीत न घालता हातातील पिशवीत ठेवावेत.

६. फसवणूक ओळखण्याच्या खुणा

घाईत असलेल्या घरास फसवणे सोपे असते. 'आजच पैसे भरा, उद्या भाव दुप्पट' असे म्हणणाऱ्या दलालाकडे शांतपणे पाहावे. तिकीट खरे आहे की नाही, हे तपासता येते. सहा अक्षरी पीएनआर क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. पण तेवढ्याने भागत नाही, कारण पैसे न भरता नुसती राखून ठेवलेली जागाही तेथे दिसते. खऱ्या तिकिटास १३ आकडी क्रमांक असतो व त्याचे पहिले तीन आकडे कंपनीची ओळख सांगतात. एअर इंडियाचे ते ०९८ आहेत. हा क्रमांक मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि पावती घेतल्यावाचून एक रुपयाही देऊ नये.

तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्या सीमाभागात ही अडचण विशेष येते. शाळेच्या दाखल्यात नावापुढे नुसती आद्याक्षरे, आधारपत्रावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, असे प्रकार आढळतात. काही देश एकशब्दी नावाच्या पासपोर्टास आक्षेप घेतात. नाव दुरुस्त करण्यास आठवडे लागतात, म्हणून हे काम दहावी-बारावीतच उरकावे. त्यास खर्च थोडा लागतो, आणि पुढे बुडणारे तिकीट वाचते.

७. पैसा कोठून यावा?

सर्वांत स्वस्त तिकीट ते, जे शिष्यवृत्तीतून मिळते. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे व तीत विमानभाड्याचा समावेश होतो. जर्मनीच्या शैक्षणिक विनिमय सेवेच्या अनेक शिष्यवृत्त्यांतही प्रवासभत्ता असतो. प्रवेशाचा अर्ज करतानाच या अर्जांच्या मुदती पाहाव्यात. तिकीट घेऊन झाल्यावर त्यांची आठवण येऊन उपयोग नाही.

शिष्यवृत्ती न मिळाल्यास बँकेच्या शैक्षणिक कर्जात प्रवासखर्च धरता येतो. पण ती सोय म्हणजे देणगी नव्हे. दहा हजार रुपये अधिक भाडे कर्जातून भरले आणि व्याज दरसाल दहा टक्के सरळव्याजाने धरले, तर पाच वर्षांत त्याचे पंधरा हजार होतात. शोधाशोधीत वाचवलेले दहा हजार म्हणजे प्रत्यक्षात वाचलेले पंधरा हजार. आठवीच्या गणिताच्या पुस्तकातील सूत्र घराच्या कर्जवहीत असे उतरते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी मुलास तीन ठिकाणी उतरवणे, परक्या विमानतळावर रात्र बाकावर काढायला लावणे, किंवा मुलीस मध्यरात्री अनोळखी शहरात एकटी उतरवणे, ही काटकसर होत नाही. ज्या घराने शेत गहाण ठेवून मुलास पाठवले, त्या घरास मूल वेळेवर, धडधाकट व कागदपत्रांसह विद्यापीठाच्या दारी पोहोचणे यातच सारे भांडवल आहे. पहिल्या प्रवासास थोडे अधिक पैसे देऊन सोपा मार्ग घ्यावा. वाट परिचयाची झाल्यावर पुढच्या खेपेस काटकसरीच्या वाटा धुंडाळाव्यात.

आनंदीबाईंच्या पुढे एकच वाट होती व ती त्यांनी पत्करली. आपणांपुढे अनेक वाटा आहेत. त्यांतून निवड करण्यास बेरीज-वजाबाकी, नकाशा आणि थोडा धीर एवढेच लागते, आणि या तिन्ही गोष्टी शाळेत मिळतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जो कोणी उद्या परदेशी जाईल, त्याने आपला वाटखर्च स्वतः मांडावा व आईवडिलांस तो समजावून द्यावा.

स्वाध्याय

१. निंबर्ग्याहून हैदराबाद, मुंबई व बंगळूर येथे एका विद्यार्थ्यासह तीन माणसांनी जाण्याचा आजचा खर्च काढा व तो तक्त्यात मांडा.

२. कोणत्याही एका परदेशी शहराचे भाडे चौदा दिवस रोज टिपा. त्याचा आलेख काढा. सर्वांत कमी व सर्वांत अधिक भाड्यातील फरक शेकडा किती, ते सांगा.

३. १२,००० रुपये दरसाल ९ टक्के सरळव्याजाने ५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर एकूण किती रक्कम फेडावी लागेल?

४. आपला जन्मदाखला, शाळेचा दाखला व आधारपत्र यांवरील नाव अक्षरशः सारखे आहे काय, ते घरी तपासा. फरक आढळल्यास वर्गशिक्षकांस सांगा.

५. जगाच्या नकाशावर हैदराबादहून फ्रँकफुर्टला जाणारा थेट मार्ग व दोह्यावरून जाणारा मार्ग रेखाटा. कोणता लांब आहे? लांबचा मार्ग स्वस्त का असू शकतो, हे पाच ओळींत लिहा.